आकाशगंगा का दिसत नाही? अंधार गाठण्याचा योग्य क्रम

"शहरापासून इतकं लांब गेलो, रात्रभर जागलो, पण आकाशगंगा काही दिसली नाही." दर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ही तक्रार कानावर येते. चौकशी केली की बहुतेक वेळा चूक डोळ्यांत किंवा दुर्बिणीत निघत नाही, क्रमात निघते. आधी राहायची जागा बुक होते, मग सोयीचा शनिवार बघितला जातो, मग सामान भरलं जातं, आणि तिथे पोहोचल्यावर लक्षात येतं की डोक्यावर चंद्र आहे, किंवा जे बघायचं तेच नेमकं शहराच्या उजेडात बुडालंय.

क्रम असा हवा: आधी तिथी, मग तास, मग दिशा, मग जागा. सामान सगळ्यात शेवटी. उदाहरणं मुख्यतः पुणे-मुंबईकडची घेतली आहेत. नाशिक, नागपूर, कोल्हापूरकरांनी दिशा आपल्या शहराप्रमाणे बदलून घ्याव्यात, पद्धत तीच राहते.

## टप्पा १: घरच्या गच्चीवरून आकाश मोजा

घरचं आकाश किती खराब आहे हे माहीत नसेल, तर बाहेरचं किती चांगलं आहे हे कशावरून ठरवणार? त्यामुळे पहिलं मोजमाप घरी.

ताऱ्यांची तेजस्विता 'प्रती'त मोजतात. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. खऱ्या काळोख्या आकाशात साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, कधी त्याहून थोडे मंदही. मोठ्या शहराच्या मध्यभागी दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीलाच गाडी अडते.

परदेशी मार्गदर्शकांत यासाठी ध्रुवमत्स्यातले, म्हणजे ध्रुवताऱ्याच्या तारकासमूहातले, तारे मोजायला सांगतात. आपल्याकडे ते करू नका. महाराष्ट्रातून ध्रुव क्षितिजापासून फक्त अठरा-वीस अंशांवर असतो आणि तिथली धूळ, धूर, दमट हवा तारे आणखी मंद करते. आकडा चुकीचा येतो. त्याऐवजी उंच चढणारी लक्ष्यं घ्या:

हिवाळा, कृत्तिका: सहा तारे सुटे दिसले तर तुमची मर्यादा साधारण ४.३ प्रत. सात-आठ दिसले तर पाचाच्या पुढे. नुसता धुरकट ठिपका दिसत असेल तर आकाश शहरी आहे.

मार्च ते मे, अरुंधती: सप्तर्षींमधल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती चौथ्या प्रतीची आहे. ती दिसली नाही, तर मर्यादा चाराच्या आत.

ऑक्टोबर-नोव्हेंबर, भाद्रपदा चौकोन: पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांच्या आत किती तारे दिसतात ते मोजा. आतला सर्वांत तेजस्वी तारा ४.४ प्रतीचा आहे. एकही दिसला नाही तर तुम्ही अजून शहरातच आहात. दहापेक्षा जास्त दिसले तर जागा उत्तम.

तपासणी: मोजण्याआधी किमान वीस मिनिटं मोबाइलकडे बघितलेलं नसावं. चष्मा असेल तर लांबचा नंबर बरोबर असलेला चष्मा लावूनच मोजा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण अर्धा नंबर इकडे-तिकडे असला तरी कृत्तिकांचे तारे एकमेकांत मिसळतात आणि दोष आकाशाला लागतो.

## टप्पा २: तिथी ठरवा

यासाठी पंचांगाइतकं सोयीचं दुसरं साधन नाही. घरात कॅलेंडर असतंच.

संकष्टीचा चंद्रोदय सगळ्यांच्या ओळखीचा, रात्री नऊच्या आसपास. तिथून पुढे चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे वद्य षष्ठीला अकराच्या सुमारास आणि वद्य अष्टमीला मध्यरात्र उलटल्यावर. शुद्ध पक्षात उलटा हिशेब: शुद्ध चतुर्थीचा चंद्र साडेनऊच्या आसपास मावळतो.

त्यामुळे संध्याकाळी निरीक्षण करायचं असेल तर वद्य षष्ठी ते शुद्ध चतुर्थी हा काळ धरा. पहाटे करायचं असेल तर अमावास्येनंतरचे आठ-नऊ दिवससुद्धा चालतात, कारण तोवर चंद्र मावळलेला असतो. "अमावास्येलाच जायचं" हा हट्ट धरला की वर्षात हाती मोजक्या रात्री उरतात आणि त्यातल्या निम्म्या ढगांत जातात.

सावधान: दिवाळीतली लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते, सुट्टीही असते, म्हणून अनेक जण तेव्हा बेत आखतात. फटाक्यांचा धूर गावांवरही बसतो आणि पुढचे काही दिवस रेंगाळतो. ती अमावास्या सोडा, त्याआधीची किंवा नंतरची घ्या.

## टप्पा ३: ऋतू आणि तास

आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी, फुगीर भाग धनू राशीच्या दिशेला आहे. जूनच्या उत्तरार्धात तो मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत वर असतो, आणि नेमका तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो. त्यामुळे महाराष्ट्रात खरे दोनच हंगाम.

पहिला मार्च ते मे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हा भाग रात्री एकनंतर आग्नेयेला उगवतो. चार वाजता तो तीस अंशांच्या वर आलेला असतो आणि सव्वापाचपर्यंत आकाश काळं राहतं. मेच्या सुरुवातीला तोच भाग रात्री साडेदहाला उगवतो, पण तेव्हा धूळ आणि वळवाचे ढग त्रास देतात. माझं मत विचाराल तर मार्चची पहाट सर्वांत भरवशाची.

दुसरा हंगाम ऑक्टोबरचा. पावसाने हवा धुतलेली असते, धूळ बसलेली असते. ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसातला धनू नैऋत्येला अठ्ठावीस-तीस अंशांवर असते. मात्र तासाभरात ती क्षितिजाजवळच्या धुरकट पट्ट्यात उतरते. इथे उशीर झाला की खेळ संपला. "जेवण करून निवांत नऊला बाहेर पडू" म्हणणाऱ्यांना ऑक्टोबरात हा भाग नीट मिळत नाही.

डिसेंबर-जानेवारीत आकाशगंगेचा मृग-मिथुनाकडचा फिकट भाग वर असतो. तो सुंदर आहे, पण धनूकडच्या भागाइतका ठसठशीत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ (चमकणारा वायूचा ढग), कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, फार लांबची) हे लक्ष्य ठेवावं.

आणखी एक वेळ सांभाळायची: सूर्यास्त म्हणजे अंधार नव्हे. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश जाईपर्यंत संधिप्रकाश राहतो. आपल्या अक्षांशांवर त्याला सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं लागतात. पहाटेही तितकंच आधी फटफटायला लागतं.

## टप्पा ४: दिशा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे जरा थांबू.

शहरातले दिवे आकाशात जो उजेड फेकतात तो हवेतल्या रेणूंवर, धुळीवर, बाष्पावर आपटून पसरतो आणि क्षितिजावर घुमटासारखा दिसतो. हा घुमट सगळीकडे सारखा नसतो. शहराच्या बाजूला तो दाट असतो, विरुद्ध बाजूला विरळ. म्हणून "शहरापासून किती लांब" या प्रश्नाइतकाच "शहराच्या कोणत्या बाजूला" हा प्रश्न महत्त्वाचा.

अंतराचा ढोबळ नियम असा, की शहराचा हा उजेड अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होतो. अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण साडेपाचपट कमी. पण पन्नास लाख वस्तीच्या शहरापासून पन्नास किलोमीटरवरही, शहराच्या बाजूचं, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या मधोमधचं आकाश नैसर्गिक काळोखापेक्षा कित्येक पट उजळ असतं. शंभर किलोमीटरवर गेलात तरी हा उजेड पूर्ण जात नाही. त्यापेक्षा शहराकडे पाठ करून उभं राहता येईल अशी जागा निवडणं स्वस्तातलं.

आता पुण्याचं उदाहरण घ्या. धनू दक्षिणेला असते, म्हणून पुण्याच्या दक्षिणेला किंवा नैऋत्येला जायचं: वेल्हे, भोरच्या पलीकडचा भाग. तिथे पुणं उत्तरेला किंवा ईशान्येला राहतं, पाठीमागे. भोरकडे पूर्वेला शिरवळचे कारखाने आणि महामार्ग आहेत, तेवढी बाजू डोंगराने झाकलेली बघा.

याउलट जुन्नर-घोडेगावचा पट्टा. आयुका या पुण्यातल्या खगोल संशोधन संस्थेची गिरावलीची वेधशाळा या भागात आहे हे ऐकून पुष्कळ पुणेकर तिकडे वळतात. देवयानी, शर्मिष्ठा यांसारख्या उत्तरेकडच्या तारकासमूहांसाठी तो भाग छान. पण धनू बघायची तर तोंड दक्षिणेला, आणि त्या बाजूला चाकणची औद्योगिक वसाहत नि तिच्यामागे सगळं पुणं. माळशेजच्या बाजूने तिथे येणाऱ्या मुंबईकरांना पश्चिमेला कल्याण-डोंबिवली आणि मुंबई लागते. त्यामुळे ऑक्टोबरातल्या संध्याकाळी, लक्ष्य नैऋत्येला असताना, ही जागा त्यांच्या सोयीची नाही. मार्चच्या पहाटे आग्नेयेला बघताना बरीच बरी.

मुंबईकरांची जुनी जागा वांगणी. वायव्येला बदलापूर आता खूप वाढलंय, त्यामुळे तिथे दक्षिण आणि पूर्वेकडची लक्ष्यं धरा, वायव्येकडची नको.

कोकण किनाऱ्यावर पश्चिमेला समुद्र, म्हणजे तिकडे शहरच नाही. हा मोठा फायदा. पण किनाऱ्याची हवा दमट, थोड्या उजेडानेही पांढुरकी होते. हॉटेलांचे दिवे आणि मच्छीमार बोटींचे दिवे वेगळेच. घाटमाथ्यावरची कोरडी हवा मला जास्त पसंत आहे.

नागपूरकर नशीबवान. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. तिथे मात्र वनविभागाच्या नियमांनुसार आणि ठरवून दिलेल्या जागीच जायचं.

## टप्पा ५: नकाशा नीट वाचा, मग दिवसा जागा बघा

इंटरनेटवरचे प्रकाश प्रदूषणाचे नकाशे दोन प्रकारचे असतात आणि लोक चुकीचा उघडतात. एकात उपग्रहाला दिसलेले दिवे असतात, म्हणजे जमिनीवरून वर गेलेला उजेड. दुसऱ्यात त्या जागी उभं राहिल्यावर आकाश किती उजळ दिसेल याचं गणित असतं. पहिल्या नकाशात एखादं पठार कुळकुळीत काळं दिसतं, कारण तिथे दिवा नाही. पण तीस किलोमीटरवरच्या शहराचा उजेड त्याच्या आकाशात असतोच. तुम्हाला दुसरा नकाशा हवा. शिवाय नेहमीच्या उपग्रहाच्या संवेदकाला निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावलेली गावं त्यामुळे नकाशात आहेत त्यापेक्षा काळी दिसतात. निळा प्रकाश तर हवेत जास्त विखुरतो.

या नकाशांवर 'बॉर्टल'चे वर्ग दिसतील. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली ही नऊ पायऱ्यांची मोजपट्टी: एक म्हणजे निखळ काळोख, नऊ म्हणजे शहराचा मध्य. चौथ्या वर्गात आकाशगंगा स्पष्ट दिसते. पाचव्यात फिकट पडते आणि क्षितिजाजवळ नाहीशी होते. सहाव्यात डोक्यावर जेमतेम जाणवते. सातव्यात शोधू नका. पहिल्या फेरीसाठी चौथा वर्ग पुरेसा आहे.

जागा पक्की करण्याआधी एकदा उजेडी जाऊन या. बघायचं ते असं:

- लक्ष्याच्या दिशेचं क्षितिज मोकळं आहे का. डोंगर दहा अंशांपर्यंत असला तर चालतो, उलट खालचा धूर झाकतो.
- दोन-तीन किलोमीटरच्या आत साखर कारखाना, वीटभट्टी, पेट्रोल पंप, सौर दिवे लावलेलं मंदिर आहे का. गाळप हंगामात कारखाना रात्रभर दिव्यांनी उजळलेला असतो, वर चिमणीचा धूर. ऊस तुटल्यावर शेतात पाचट पेटवतात, तो धूर वेगळा.
- घाटरस्त्याच्या वळणावर येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट थेट डोळ्यांत येतात का.
- जमीन कुणाची. मालकाला विचारा, पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत सांगून ठेवा. रात्री अनोळखी माणसं माळावर दिसली की गावाला शंका येणारच.

सावधान: जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात उसात बिबट्यांचा वावर आहे. उसाला लागून बसू नका, एकटे लांब जाऊ नका, लहान मुलांना मध्ये ठेवा. वनक्षेत्रात परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही.

## टप्पा ६: सामान

थोडकं पुरतं. अंथरायला सतरंजी, गरम कपडे, पाणी, तारानकाशा आणि लाल उजेडाची बॅटरी. बॅटरीला लाल जिलेटिन कागद दोन-तीन थर लावून रबर बँडने बांधा. एका थरातून पांढरा उजेड निसटतो.

मोबाइलमधलं तारांगणाचं अॅप लाल मोडवर ठेवा, ब्राइटनेस तळाला न्या आणि नोटिफिकेशन बंद करा. नुसतं लाल मोड लावून भागत नाही, कारण फोन आला की पडदा पांढराफट्ट उजळतो. विमान मोड लावून एका माणसाचा फोन फक्त अडचणीसाठी चालू ठेवणं उत्तम.

दुर्बीण घ्यायची तर १०×५० बायनॉक्युलर, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं असलेली. ७×५० अगदी काळोख्या आकाशात छान, पण थोडा उजेड असलेल्या आकाशात पार्श्वभूमीही तितकीच उजळ दाखवते. दहापट मोठं केलं की पार्श्वभूमी काळी पडते. 'प्रकाश प्रदूषण फिल्टर'वर पैसे घालू नका. ते सोडियम दिव्यांच्या काळात उपयोगी होते. पांढरा एलईडी जवळजवळ सगळे रंग फेकतो, त्याला गाळायचं काय?

## टप्पा ७: पोहोचल्यावरचा पहिला तास

अंधार पडायच्या आत पोहोचा आणि गाडी अशी लावा की निघताना पुढेच काढता येईल. रिव्हर्स घेतली की पांढरे दिवे पेटतात आणि सगळ्यांची नजर जाते. आतला दिवा बंद करा, डिकीतला दिवा झाका. रिमोटने लॉक केलं की चारही इंडिकेटर चमकतात, तेव्हा दार किल्लीने बंद करा किंवा लॉक करायचं काम आधीच उरका.

मग बसून राहा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि त्यानंतरही संवेदनशीलता थोडी वाढत राहते. बाहुली लवकर रुंदावते, पण खरा फरक डोळ्याच्या पडद्यातल्या रंगद्रव्यामुळे पडतो आणि ते हळूहळूच भरून येतं. पांढऱ्या उजेडाने त्यातलं बरंचसं उडून जातं. एकाने सेल्फी काढला की अख्ख्या गटाचा वेळ वाया जातो, म्हणून हा नियम निघण्याआधीच सगळ्यांना सांगा.

तपासणी: अर्ध्या तासाने टप्पा १ मधली मोजणी पुन्हा करा. घरी ३ आणि इथे ५.५ प्रत आली, तर जागेने काम केलं. ४ च्या पुढे सरकत नसेल तर धूर, बाष्प किंवा चुकीची दिशा यांपैकी काहीतरी आहे. बॅटरीचा झोत क्षणभर वर मारून बघा, झोत खांबासारखा ठळक दिसला तर हवेत धुकं किंवा धूळ आहे. हे मात्र मोजणी झाल्यावरच करा.

## टप्पा ८: काय बघायचं आणि कसं

आकाशगंगा फोटोत दिसते तशी रंगीत दिसत नाही. कॅमेरा सेकंदामागून सेकंद प्रकाश साठवतो, डोळा तसं करत नाही. मंद उजेडात आपल्याला रंगही कळत नाहीत. दिसतो तो राखाडी-पांढरा पट्टा, कडेला विस्कटलेला, मधून काळ्या फटी गेलेला. अनेकांना तो दिसत असतो, पण ते त्याला ढग समजतात. खात्री करायची सोपी पद्धत: दहा मिनिटांनी पुन्हा बघा. ताऱ्यांच्या संदर्भात पट्टा जागचा हलला नसेल तर ती आकाशगंगा.

मंद वस्तूकडे सरळ टक लावू नका. डोळ्याच्या अगदी मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या पेशी नसतात. नजर थोडी बाजूला ठेवून लक्ष वस्तूवर ठेवा. देवयानी दीर्घिका या तिरक्या नजरेने एकदम उठून दिसते.

## टप्पा ९: बाहेर जाता येत नसेल तर

गच्चीवर दोन त्रास वेगवेगळे ओळखा. एक आकाशभर पसरलेला उजेड, त्याला तुमच्या हातात इलाज नाही. दुसरा समोरच्या दिव्याची थेट तिरीप, तिला आहे. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसा, डोक्यावरून काळं कापड घ्या. रात्री बारानंतर दुकानांचे आणि खिडक्यांचे दिवे कमी होतात, तेव्हा मोजणी पुन्हा करा. फरक पडलेला दिसतो. शहरातून चंद्र, गुरूचे चार उपग्रह, शनीची कडी, जोडतारे मजेत बघता येतात, त्यांना उजेडाचा फारसा फटका बसत नाही. दीर्घिकांचा नाद शहरात धरू नका.

सोसायटीच्या दिव्याबद्दल बोलायचं असेल तर "दिवा बंद करा" म्हणून सुरुवात करू नका. लोकांना सुरक्षिततेची काळजी असते आणि ती रास्त आहे. नेमकं मागा: दिव्याचं तोंड सरळ खाली, वरून झाकण, बल्ब ३००० केल्विन किंवा त्याहून कमी म्हणजे पिवळसर, आणि गच्चीवरच्या दिव्याला माणसाच्या हालचालीवर पेटणारा सेन्सर. खाली वळवलेल्या दिव्याने पायाखालचा उजेड वाढतो आणि समोरच्या घरांत शिरणारी तिरीप थांबते. सभेत आकाशापेक्षा हे दोन मुद्दे लवकर पटतात. आधी एकच दिवा बदलून घ्या, आधीचा आणि नंतरचा फोटो त्याच जागेवरून काढा, आणि तो पुढच्या सभेला घेऊन जा.